पाव किलो कमी

आधी लाकूड. बाकीचं नंतर.
अक्रोड आपल्याकडे कुठला!
कोरेगाव रस्त्याच्या वखारीत शिसवीची एक चौकट पडली होती,
कुणाच्या तरी दाराची, वाळवीनंही सोडून दिलेली.
घासाघीस न करता उचलली.
शालन म्हणाली, एवढ्या पैशात मोरीची फरशी झाली असती.
झाली असती.

मी लेथवरचा माणूस.
सव्वीस वर्षं साताऱ्याच्या एमआयडीसीत पंपांचे दांडे कातले,
एक केस इकडे नाही की तिकडे.
ट्रक भरभरून गेले. कुठल्या विहिरीवर फिरतायत,
कुणी पत्र घातलं नाही.

फोटो एकच आहे. पणजोबा, येसबा,
पुण्याच्या कुठल्याशा स्टुडिओत, बोटीवर चढण्याआधी,
मागच्या पडद्यावर रंगवलेलं कारंजं.
चेहरा ओलीनं खाल्लाय. कपाळापासून हनुवटीपर्यंत
नुसता तपकिरी डाग.
रायफल मात्र शाबूत, स्क्रूची खाचसुद्धा दिसते.
बसऱ्याहून माणूस आला नाही, कागद आला.
रागीट होता का, डावखुरा होता का,
गुळाचा खडा मागायचा का जेवणानंतर,
घरात कुणालाच सांगता येत नाही.
पण थ्री नॉट थ्री साडेचव्वेचाळीस इंच,
हे साऱ्या जगाला ठाऊक.

म्हणून पट्टी लावली.
फोटोत रायफल नऊ सेंटीमीटर,
फेटा वगळून माणूस तेरा.
कॅलेंडरच्या पाठीवर त्रैराशिक मांडलं:
पाच फूट चार.
शंभर वर्षांत त्याच्याबद्दल घराला कळलेली
ही पहिली गोष्ट.
भिंतीवर पेन्सिलीनं रेघ ओढली, समोर उभा राहिलो.
माझ्या डोळ्यांच्या उंचीला त्याचा माथा.

मग हात ऐकेना.
कानस, पॉलिश पेपर, जवसाचं तेल, चिंधी.
शिसवी तेल पिते गाभण गाईसारखी,
थांबून थांबून, आणि पुन्हा मागते.
दस्त्याच्या बुडाला पितळी पाटी, मोडीतल्या घंगाळाची,
पाटीला इवलं झाकण,
झाकणाआड तेलाच्या कुपीपुरती पोकळी.
ज्या दिवशी बोल्ट बसला
मागे ओढला, पुढे ढकलला, खाली पाडला,
खट् खटाक.
अर्धा तास तेवढंच करत बसलो.
आतून शालन: दार लावताय की उघडताय?

नळी भरीव ठेवली.
भोक पाडणं म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ.
नाही पाडलं.
कुणीतरी कळवलं असावं, चौकीवरून शिपाई आला.
नळीला तोंड लावून फुंकर मारली,
गाल फुगले, डोळे वटारले.
“अहो, हिची तर बासरीसुद्धा व्हायची नाही!”
आणि चहा होईस्तोवर
त्यानंही बोल्ट तीनदा ओढून पाहिला.

रविवारी वरच्या आळीचे हवालदार जगदाळे आले,
अठ्ठ्याऐंशी वय, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू.
हातात दिली,
तर अंगठा न चाचपडता सेफ्टीवर गेला,
टाचा आपोआप जुळल्या,
काठी कधी पडली त्यांना कळलंच नाही.
तोलत राहिले. मी श्वास धरून.
लाकडाचं बोलतील, पितळेचं,
निदान स्क्रूच्या खाचेचं तरी.
“पाव किलो कमी आहे,” म्हणाले.

वाण्याच्या काट्यावर घातली.
दोनशे चाळीस ग्रॅम कमी भरली.

शिसं आणून आठ दिवस झाले.
कढईत आहे, शेगडीशेजारी, वितळवायचं.
रोज झाकण उघडतो, पोकळीत बोट घालतो,
झाकण लावतो.
हवालदारांचा नातू शाळेला जाताना विचारतो,
आजोबा म्हणतायत, झाली का पुरी?
होतेय, म्हणतो. सांग त्यांना, होतेय.